भर दुपारी उडालेला ड्रोन

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, ते माझ्याकडे पाहिलंत की न सांगता कळेल. मला चार हात आहेत आणि त्यांतला एक तारेने बांधलेला आहे. हातांच्या टोकांना जी पाती असतात त्यांतली दोन शाबूत आहेत, एक तुटकं आहे आणि चौथं कुठे गेलं ते देव जाणे. पोटाखाली जिथे माझा कॅमेरा होता, तिथे आता एका कोळ्याने बिऱ्हाड थाटलं आहे. मी त्याच्याकडे भाडं मागत नाही. सध्या मी संत्र्याच्या एका थोराड झाडाला सुतळीने टांगलेला असतो आणि वारा आला की गरकन फिरतो. ज्याने सारं आयुष्य झाडांचे नुसते शेंडे पाहिले, तो असा फांद्यांच्या आत कसा येऊन राहिला, ते तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही अंगांना बायका बसलेल्या असत आणि त्यांच्या गप्पा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असत. त्या गप्पांबरोबर मीही पुढे पुढे सरकत गेलो. एकीने माझे हात बसवले, दुसरीने पाती लावली, तिसरीने पोटात तारा भरल्या. शेवटच्या बाईने मला पहिल्यांदा उडवलं तेव्हा मी तडक छताच्या पंख्याकडे निघालो. हा आपलाच कोणी थोरला भाऊ असणार, असं मला वाटलं होतं. तिने मला घाईघाईने खाली ओढलं, "हा जरा आगाऊच दिसतोय," असं शेजारणीला सांगितलं आणि खोक्यात घालून झाकण लावलं.

खोकं उघडलं ते एका फोटोग्राफरच्या दुकानात. तो लग्नाचे फोटो काढायचा. मित्रांनो, ते माझे मिरवायचे दिवस होते! माझी घरघर ऐकू आली की पाहुणे हातातला घास हातात ठेवून माना वर करत. लहान मुलं माझ्यामागे धावत. लोक लग्नाला येतात ते मलाच बघायला, असं मी धरूनच चाललो होतो. पण फोटोग्राफरने पुढे माझ्याहून हलका, माझ्याहून गप्प असा नवा ड्रोन आणला आणि माझं खोकं कपाटावर चढलं. दुकानाचा जनरेटर बंद पडला होता तो एका मोटार-पंपाच्या मिस्त्रीने येऊन चालू करून दिला, तेव्हा फोटोग्राफरने मोबदला म्हणून त्याच्या हातात मलाच ठेवलं. लग्नाच्या मांडवातून मी उठलो तो थेट जळक्या मोटारींच्या ढिगाऱ्यात येऊन बसलो.

मिस्त्रीच्या घरात समोरच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीभर पाने-पक्कड, जमिनीवर उघडलेल्या मोटारी आणि सगळीकडे ग्रीसचा वास. खिडकीपाशी त्याच्या बायकोचं शिलाई मशीन होतं. घरात मिस्त्रीची थोरली बहीण राहायची, तिला सगळे ताई म्हणत. ताई मिस्त्रीच्या बायकोला वहिनी म्हणायची, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणत आलो आहे. मिस्त्रीचे केस पिकले होते, पण ताईच्या लेखी तो अजून बाळ्याच होता. आणि अंगणात एक शेळी होती. वहिनीने तिला लाडाने वाढवलं होतं. ती चालायची ठुमकत, खायची निवडून आणि कोणी वाटेत आलं तर थांबून त्याच्याकडे असं बघायची की माणूस आपोआप बाजूला व्हायचा. तिचं नाव बाईसाहेब पडलं होतं.

घरामागे त्यांची संत्र्याची बाग होती, खरं तर दोन बागा. खालची बाग मिस्त्रीने अलीकडे लावलेली, सरळ ओळींची. वरची बाग ताईची. मिस्त्री तरुणपणी काम शिकायला बाहेरगावी होता, तेव्हा ताईने एकेक कलम स्वतःच्या हाताने बांधून ती बाग उभी केली होती. ती झाडांना नावाने हाक मारायची नाही, पण प्रत्येकाच्या खोडी तिला पाठ होत्या. दोन्ही बागांच्या वर, चढावर, काळ्या प्लास्टिकचं अस्तर घातलेलं एक तळं होतं. पावसाळ्यात ते भरायचं आणि मग वर्षभर तिथून जमिनीत पुरलेल्या पाइपाने, एका काटेरी ओघळीतून, पाणी खाली यायचं.

मी आलो त्याच्या आदल्या वर्षी पाऊस नावापुरता पडला होता. त्या वर्षी तर त्याने तोंडही दाखवलं नाही. तळ्याचं पाणी असं उतरू लागलं की मिस्त्री रोज खोली मोजायला काठी घेऊन जायचा आणि रोज तोंड पाडून परत यायचा. एकदा जेवायला बसल्यावर त्याने मनातलं बोलून टाकलं.

"ताई, एवढ्या पाण्यात दोन्ही बागा निघणार नाहीत. एक सोडावी लागेल."

"मग खालची सोड," ताई म्हणाली.

"खालची कोवळी आहे, तिला अजून पुष्कळ वर्षं फळं यायचीत. तुझी झाडं म्हातारी झाली."

"म्हातारी तर मीही झालेय. मला कधी सोडतोस?"

वहिनीने पटकन दोघांच्या ताटात वाढायला घेतलं.

भांडण मिटवायला म्हणून मिस्त्रीने मला खोक्यातून काढलं. त्याच्याकडे मोटारी तपासायचा एक कॅमेरा होता. चालत्या मोटारीसमोर धरला की तिच्यात कुठे काय तापतंय ते रंगांत दिसायचं. गार भाग निळा, तापलेला पिवळा आणि जळायला आलेला लाल. तहानलेलं झाड उन्हात तापतं, पाणी प्यायलेलं गार राहतं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने माझा लग्नाचा कॅमेरा काढला आणि तिथे तो मोटारींचा डोळा बसवला. पहिल्या दिवशी मला फार वाईट वाटलं. शालूंचे जरीकाठ बघायची सवय असलेल्याला आता जगात तीनच रंग उरले होते.

"आता हाच सांगेल कोणाला पाणी पाहिजे आणि कोणाला नको," मिस्त्री म्हणाला. "तुझं नाही, माझं नाही. यंत्राचं ऐकायचं."

"ऐकेन की," ताई म्हणाली. "यंत्राला ना तुझी बाजू, ना माझी."

मला उडवायचं काम वहिनीकडे आलं. शिवणकामाने तिची बोटं इतकी तयार झाली होती की रिमोट हातात घेतल्याबरोबर तिने मला दोन झाडांमधून दोरा ओवावा तसा काढला. मिस्त्रीने एकदा हट्टाने रिमोट घेतला होता, तेव्हा मी गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आदळलो. त्यानंतर त्याने पुन्हा मागितला नाही.

आता या घराची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. या घरात बागेचं काम उजाडता उजाडता व्हायचं. ताई दिवस वर यायच्या आत बागेत असायची, पाणी तेव्हाच सोडायची, झाडं तेव्हाच बघायची. उन्हं तापली की सगळे घरात. जेवणं झाली की दारं-खिडक्या लावून जो तो आडवा. मिस्त्रीच्या घोरण्याने भिंतीवरचे पाने खुळखुळायचे. भर दुपारी बागेत जाणारं घरात एकच होतं, बाईसाहेब. ती मनात येईल तेव्हा निघायची आणि संध्याकाळी पोट सुटलेल्या पाहुणीसारखी डुलत परत यायची.

तेव्हा मलाही उजाडतानाच उडवलं. रात्रभर थंड झालेल्या बागेवरून मी गेलो आणि मला जे दिसलं ते मी रिमोटच्या पडद्यावर इमानाने दाखवलं. खालची बाग निळी, वरची बाग निळी, वाट निळी, कुंपण निळं.

"बघ!" मिस्त्री खुशीत म्हणाला. "एकही झाड तापलेलं नाही. म्हणजे आपण पाणी जास्तच देतोय. कमी करू."

पाणी कमी केलं. पुन्हा उजाडताना मला उडवलं, पुन्हा सगळं निळं. आणखी कमी केलं. वरच्या बागेची पानं वळायला लागली, कडांनी करपली. ताईने ती हातात घेऊन चुरून पाहिली. पण पडद्यावर बाग गारच होती.

"यंत्र खोटं कशाला बोलेल?" ताई चष्मा पुसत वहिनीला म्हणाली. "माझेच डोळे म्हातारे झाले असतील."

मित्रांनो, तिच्या तोंडचं ते वाक्य मला फार लागलं. मला बोलता आलं असतं तर एवढंच म्हटलं असतं की ताई, पान तुम्ही हातात घेतलंय, मी तर लांबून बघतोय.

गंमत अशी की पाणी इतकं कमी करूनही तळं उतरायचं काही थांबेना. मिस्त्रीने डोकं खाजवलं, काठी उलटी करून पाहिली आणि शेवटी एक शोध लावला. वरच्या बागेची मुळं लांब गेली, ती तळ्याचं अस्तर फोडून आत घुसली आणि चोरून पाणी पितात! म्हणूनच ती झाडं गार दिसतात. एकदा हे डोक्यात बसल्यावर त्याला सगळीकडे मुळंच दिसू लागली. त्याने करवतवाल्याला निरोप धाडला.

"दुसरा उपाय नाही ताई," तो खाली बघत म्हणाला. "ती ठेवली तर तळं जाईल आणि तळं गेलं की दोन्ही बागा जातील."

ताई भांडली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि करवतवाला यायचा त्या दिवशी सकाळी वरच्या बागेत जाऊन प्रत्येक झाडाखालचं गवत काढून आली. कापायच्या झाडाखालचं गवत कोणी काढतं का? पण कोणी तिला अडवलं नाही.

करवतवाला दुपार उतरल्यावर येणार होता. जेवणं झाली, दारं लागली आणि एवढ्यात अंगणातून वहिनीची हाक आली.

"अहो! बाईसाहेब कुठे दिसत नाहीत!"

"येईल गं," मिस्त्री कूस बदलत म्हणाला.

"येईल काय? आज-उद्या व्यायची आहे ती! कुठे अडली असेल तर? उठा तुम्ही आधी!"

"या उन्हात कुठे शोधायची तिला?"

"मी नाही शोधत. हा शोधेल," असं म्हणून वहिनीने मला उचललं.

असा मी आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी बागेवर गेलो. आणि मित्रांनो, मला वाटलं माझा डोळा फुटला. जी बाग मी रोज निळीशार बघत होतो, तिच्यात लाल, पिवळ्या ठिगळांवर ठिगळं लागली होती. वहिनी अंगणात ओरडली.

"अहो, धावा! वरची बाग पेटली!"

मिस्त्री एका पायात चप्पल घालून बाहेर आला. मागोमाग ताई आली. बागेकडे पाहावं तर ना धूर ना ज्वाळा. पडद्यावर पाहावं तर वरच्या बागेतली झाडं लालबुंद. खालच्या बागेतही निम्मी पिवळी, काही मात्र अगदी निळी.

मिस्त्री पडद्यावर वाकला. मग त्याने कपाळावर असा हात मारला की अंगणातली चिमणी उडाली.

"बंद मोटारीला हात लावून, ही तापत नाही, म्हणणारा जगातला पहिला मिस्त्री मी!" तो म्हणाला. "अगं, मोटार चालू करून, तिच्यावर भार टाकून मग तिची गरमी बघायची असते. पोरासोरांना शिकवतो मी हे. झाडावर भार असतो तो दुपारी! आणि आपण रोज बघतोय ते सकाळी, ती झोपेत असताना!"

"म्हणजे माझी झाडं..." ताई म्हणाली.

"तहानलीयेत. कधीची."

"मग पाणी कोण पितंय?"

वहिनीचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तिला फक्त शेळी हवी होती. ती मला बागेवरून, कुंपणावरून, चढाने तळ्याकडे नेत राहिली आणि ओघळीवर येताच एकदम थांबली. सगळी ओघळ तापून लाल झाली होती आणि तिच्या मधोमध, वाळक्या गवतात, एक लांब निळा पट्टा होता. पट्ट्यात एक पिवळा ठिपका पसरून बसला होता. त्याला चिकटून दोन चिमुकले ठिपके.

"सापडली!" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, व्याली! दोन आहेत, दोन!"

"पण तिथे गार कसं?" मिस्त्री पुटपुटला.

तिघेही त्या उन्हात ओघळीकडे धावले आणि मी वरून त्यांच्याबरोबर गेलो. काट्यांतून वाट काढत ते पोचले तर बाईसाहेब ओल्या, थंड जागेवर आपली दोन पिल्लं चाटत बसलेल्या. भोवती हिरवंगार गवत, गुडघाभर. या दुष्काळात ती रोज कुठे जाऊन पोट भरून येत होती, ते कोडं सुटलं. मिस्त्रीने गवत बाजूला केलं तर खाली चिखल, चिखलात पाइप आणि पाइपाच्या सांध्यावर रबरी ट्यूबची एक पट्टी. कुजलेली. तिच्यातून पाणी झुळझुळत होतं, दिवसरात्र.

"ही पट्टी कोणी बांधली रे बाळ्या?" ताईने विचारलं.

मिस्त्री पट्टीवरचा चिखल पुसू लागला. बऱ्याच वर्षांपूर्वी पाइप फुटला तेव्हा त्यानेच ती बांधली होती. तात्पुरती. मिस्त्रीच्या तात्पुरत्या कामांना आमच्या घरात फार दीर्घ आयुष्य असतं. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की तिला चिखलात बसावं लागलं, आणि बसल्या बसल्या ती रडायला लागली. मिस्त्री तिच्या शेजारी बसला.

"चुकलो ताई."

"चुकलास. पण आता आधी तो करवतवाला थांबव."

मिस्त्रीने चिखलाच्या हातांनीच फोन लावला. "हॅलो, येऊ नका... हो, मीच बोलावलं होतं... नाही, झाडं चोर नाहीत... चोर कोण? आता काय सांगू तुम्हांला, मीच!"

सांधा त्याच संध्याकाळी पक्का झाला. तळं उतरायचं मंदावलं. दुसऱ्या दिवसापासून या घराची वर्षानुवर्षांची रीत मोडली. जेवणं झाली की पहिलं काम मला उडवायचं. वहिनी मला ओळीओळीने फिरवायची, ताई पडद्यावर बघून सांगायची, "हे लाल झालंय, याला उद्या आधी. हे निळं आहे, याला दोन दिवस काही नको." मिस्त्रीने झाडाझाडाच्या नळीला वेगळी तोटी लावून दिली. सगळ्यांना सारखं पाणी देणं बंद झालं आणि ज्याला हवं त्याला मिळू लागलं. ओल टिकावी म्हणून झाडांच्या बुंध्याशी पाला पसरला. काही झाडं तरीही गेली, खालच्या बागेतली आणि वरच्याही. ताई त्यांच्यासाठी हळहळली. पण बाकीची बाग तगली, आणि पुढच्या वर्षी तळं काठापर्यंत भरलं तेव्हा तिला फुलं आली.

मग काय विचारता! आजूबाजूचे शेतकरी टोप्या डोक्यावर ओढून भर दुपारी आमच्या अंगणात जमू लागले. आमच्यावरून उडव, आमच्यावरून उडव. मी कोणाच्या ज्वारीवरून गेलो, कोणाच्या भाज्यांवरून गेलो, किती फुटके पाइप आणि तुंबलेल्या नळ्या शोधल्या त्याला हिशेब नाही. लोक पुन्हा माना वर करून माझ्याकडे बघत होते, पण आता त्यांच्या डोळ्यांत कौतुकाबरोबर काळजी असायची. मला ते लग्नापेक्षा अधिक आवडलं.

यंत्राचंही वय होतं, मित्रांनो. माझी बॅटरी फुगली. एका कावळ्याशी टक्कर होऊन हात मोडला. मिस्त्रीने तो तारेने बांधला, तात्पुरता. पुढे नवा ड्रोन आला, धडधाकट आणि शहाणा. माझा डोळा काढून घेतला आणि मला पंपाच्या खोलीत रिकाम्या पोत्यांखाली टाकलं. उंदरांनी माझ्या तारा चाखून पाहिल्या. तिथे अंधारात किती काळ गेला कळलं नाही. कोणी वाईट वागलं नाही माझ्याशी, फक्त विसरले. मला विसरलेत हे मलाही हळूहळू विसरायला होऊ लागलं होतं.

एक दिवस ताई पोतं न्यायला आली आणि पोत्याबरोबर मी हाताला लागलो.

"अगं बाई, तू इथे?" ती म्हणाली. तिने पदराने माझी धूळ पुसली आणि मला घेऊन वरच्या बागेत आली. "पाखरं फळं टोचतात. तेवढी हाकलशील?"

खरं सांगायचं तर पाखरं मला अजिबात भीत नाहीत. दोन तर माझ्या मोडक्या हातावर बसूनच संत्र्यांचा बेत ठरवतात. ताईला ते दिसतं, पण तिने मला उतरवलेलं नाही.

झाड वरून मी पुष्कळ पाहिलं होतं, खालून पहिल्यांदाच पाहतोय. वरून तहान दिसते, मित्रांनो, पण सावली खालूनच दिसते. तुमच्या घरीही कुठे झाड असेल, पाइप असेल, एखादं जुनं यंत्र असेल. त्यांना सोयीच्या वेळी बघून 'ठीक आहे' म्हणू नका. त्यांच्यावर भार असतो, त्या वेळी एकदा जाऊन बघा. तहानलेलं झाड हाक मारत नाही, ते नुसतं तापत राहतं. आणि गळणारा सांधा दिसला तर आजच पक्का बांधा. एवढंच माझं मागणं आहे.

दुपारी जेवण झालं की मिस्त्री आता घरात झोपत नाही. चटई काखेत मारून तो या झाडाखाली येतो, ज्याला तो कापणार होता, आणि इतका घोरतो की पाखरं उडून जातात. जे मला जमलं नाही ते तो झोपेत करतो. उठल्यावर बाटलीतलं पाणी पितो, आणि कोणी बघत नाही ना म्हणून इकडे तिकडे पाहून शेवटचा घोट बुंध्याशी ओततो. मी डोक्यावरच असतो, पण मला आता डोळा नाही, असं तो धरून चालतो.